गल्ल्यावर मिलिका

सुवाच्या धक्क्यावर कोरो बेटाच्या बोटीसाठी रांग होती. माझ्यापुढे नणंद-भावजय पिठाच्या गोण्यांवर बसल्या होत्या.

"वासिती वहिनी, दुकान चालतंय म्हणे अजून?"

"पळतंय. पीठ पुरत नाही."

"आणि केरेकेरे? माझ्या सासरी नातलगांनी असंच फुकट मागून मागून चांगलं चालतं दुकान बुडवलं. नाही म्हणायची सोय नाही ना."

"माझंही बुडतच आलं होतं, लावेनिया. धंदा शिकवायच्या शिबिरातल्या बाई म्हणाल्या, फुकट मिळणार नाही अशी पाटी लावा. लावली."

"मग?"

"लोकांनी वाचली, अक्षर छान आहे म्हणाले आणि साखर मागितली."

"आता काय करतेस?"

"गल्ल्यावर मिलिकाला बसवलंय."

"आमच्या काकांची मिलिका? ती तर तोंडच उघडत नाही."

"तिनं कशाला उघडायचं? गावातले निम्मे बाप्ये तिचे भाऊ लागतात. भावानं बहिणीशी बोलायचं नाही, ही तुमचीच रीत. बोलायचंच नाही, तर मागणार कसे?"

"अगं, मग विकत तरी कसं घेतात?"

"पैसे ठेवतात, बोट दाखवतात, मान खाली घालून जातात."

"आणि त्यांच्या बायका?"

"त्या मागतात. त्यांना एखादा पाव देते. ती माझी जाहिरात. पोरं घरी चव घेतात, मग नवरा येतो बोट दाखवायला."

"पोचलेली आहेस. बरं, भूक लागलीय गं. टोपलीत पाव आहेत ना?"

"आहेत. घे."

"मला नाही म्हणत नाहीस?"

"नणंदेसाठी गल्ल्यावर कुणाला बसवायचं, ते अजून सुचलेलं नाही."