हाल्वोरचा डावा कान

मी, बोरगिल्ड स्त्रांद, वय ७४, पूर्वी शाळेत शिवणकाम शिक्षिका, सध्या निवृत्त, राहणार लाइव्हिक, चर्चच्या मागे, नॉर्वे. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

वरील ठिकाणी मी एकटी राहते. माझे पती हाल्वोर येथील नौदलाच्या संशोधन केंद्रात नोकरीस होते. ते गेल्या महिन्यात वारले. केंद्रात ते काय करत हे मला माहीत नव्हते. घरी विचारायचे नाही, असा लग्नापासूनचा शिरस्ता होता. विचारलेच तर "माशांचं काम" म्हणत. मासे मात्र मीच विकत आणत असे.

मुलगी रान्वेई तान्ही असताना ते बरेच दिवस घरी आले नाहीत. आले ते बदलून आले. मी काही म्हटले तर उत्तर द्यायचे नाहीत. मूल रडले तरी उजव्या कुशीवर पडून असत. "मी काय भिंतीशी बोलतेय?" असे मी पुष्कळदा म्हणाले आहे. पुढे मी त्यांची खाट खालच्या खोलीत हलवली. ती तिथेच राहिली.

दफनानंतर चर्चच्या सभागृहात कॉफी होती. अशा वेळी आमच्याकडे लोक एकेक करून उठतात आणि गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलतात. शेजारी बोलले, रान्वेई बोलली. केंद्राच्या टेबलावरून कुणी उठेना. सगळे कपात बघत बसले. मला ते फार लागले. मी पतींचे जुने सहकारी औदुन क्वामे यांच्याजवळ गेले.

मी म्हणाले, "औदुन, उभं आयुष्य एका खोलीत काढलंत दोघांनी. काहीतरी बोल."

ते म्हणाले, "बोरगिल्ड, मला बोलता येत नाही गं."

मी म्हणाले, "मग माझी कॉफी कशाला पितोस?"

त्यावर ते उठले आणि केंद्रातल्या एका यंत्राच्या चाचणीची हकिकत सांगू लागले.

यंत्राचे नाव व चाचणीची जागा इथे लिहायची नाही, असे हजर असलेल्या सुरक्षा खात्याच्या साहेबांनी सांगितले. ती दोन्ही मी विसरले आहे. बाकी आठवते ते असे. पाण्याखालच्या चाचणीत स्फोट वेळेआधी झाला. औदुन यांना पतींनी ओढून वर आणले. त्यात पतींचा डावा कान कायमचा गेला. बायकोलाही सांगायचे नाही, असा हुकूम होता. औदुन म्हणाले, "हाल्वोर मला सांगायचा, बोरगिल्ड चिडलेली दिसते, पण काय म्हणाली ते पुन्हा विचारायची चोरी. विचारलं तर कान उघडा पडेल."

तेव्हा केंद्राचे प्रमुख उठून बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी औदुन यांना घरून नेले. त्यांना तुरुंगवास होऊ शकतो, असे कळते. त्यांना बोलायला मी भाग पाडले. दोष लिहायचा तर माझ्या नावावर लिहावा.

साहेब म्हणाले, "बाई, कानाचंही यात नको."

मी म्हणाले, "यंत्र तुमचं, समुद्रही तुमचा. कान माझ्या नवऱ्याचा होता. तो लिहा."

ठाणे अंमलदार बाईंनी तो लिहिला.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात माझी एकच दुरुस्ती आहे. 'उत्तर द्यायचे नाहीत' असे जिथे आहे, तिथे 'त्यांना ऐकू येत नव्हते' असे करावे. बाकी सर्व मी सांगितले तसेच उतरले आहे.

सही/- बोरगिल्ड स्त्रांद