सेट फिरव, मग जोड

—नाही नाही, त्या खुर्चीत नका बसू, तिचा एक पाय विश्वासातला नाही. इथे बसा, हे सोल्डरिंगचं सामान सरकवतो—हं. आता स्पष्टच सांगतो, तुम्ही दोन बस बदलून आलात, पण हा रेडिओ रिसीव्हर विकायचा नाही. हो, जाहिरात मीच दिली होती. 'घेऊन जा एकदाचा' असं फोनवर म्हणालो तोही मीच. पण ते परवा! आज सकाळी नऊ वाजता तो बोलायला लागला, त्याला मी काय करू? रागावू नका हो. चहा येतोय, तो पिईपर्यंत ऐका. रिसीव्हर नाही मिळाला तरी एक अस्सल गाढव बघून आलो, असं घरी सांगता येईल तुम्हाला.

बघा ना, हात लावून बघा. अठ्ठावीस किलो. कुठल्याशा किनाऱ्यावरच्या वायरलेस स्टेशनातून मोडीत निघालेला, म्हणून तर माझ्यासारख्याला परवडला. पण आवाज काढणारा भाग आधीच कोणीतरी उचकटून नेलेला—स्पीकर नाही, हेडफोन लावायला भोक नाही. मागे फक्त ही एवढीशी पट्टी, आणि हिच्यातून आवाज येत नाही, आकडे येतात. शून्य आणि एक, शून्य आणि एक, धो धो. ते कॉम्प्युटरला द्यायचे आणि त्यानं त्यांचा पुन्हा आवाज करायचा. दोन तारा आहेत हो, दोनच! एक लाल, एक निळी. तीस वर्षं रेडिओ दुरुस्त केलेल्या माणसाला अर्ध्या तासाचं काम. मला किती वेळ लागला? साडेतीन महिने.

हसा, हसा, मीही हसतोय. साडेतीन महिने नुसती खरखर! मी काय नाही केलं—केबल बदलली, कॉम्प्युटर बदलला, या वयात प्रोग्रॅम लिहायला शिकलो, कंपनीतल्या न पाहिलेल्या इंजिनियरांना शिव्या घातल्या. नाचता येईना, अंगण वाकडं. आणि आज सकाळी आमची ही फडकं मारायला आली. मारता मारता दोन्ही तारा निसटल्या. मी ओरडेन म्हणून मला न सांगताच तिनं त्या परत खोचल्या, पट्टीवरच्या खुणा बघून, लालच्या जागी लाल—आणि कॉम्प्युटरातून माणूस बोलला! कुठला तरी गृहस्थ आपल्या गावची हवा सांगत होता. उलट्या होत्या हो तारा! उलट्या लावल्या की शून्याचा एक होतो, एकाचा शून्य, मग कॉम्प्युटरला काय कळणार, कपाळ? ही म्हणाली, "इतकंच होतं?" मी म्हटलं, "इतकंच होतं." काखेत कळसा!

का लावल्या उलट्या? सवय. जड सेट कोण फिरवणार, म्हणून मी पुढूनच वाकतो, वरून हात मागे घालतो आणि बोटांनी चाचपून जोडतो. मागून जे डावं ते पुढून उजवं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. दादा तर कानीकपाळी ओरडायचा—"अरे, सेट फिरव, मग जोड!" पालथ्या घड्यावर पाणी.

दादा? मोठा भाऊ माझा. दुकान दोघांचं होतं. नाही, आता नाही—चहा घ्या, गार होईल.

आता निघालंच आहे तर सांगतो. अकरा वर्षं झाली. एका बोटवाल्याचा वायरलेस सेट आला होता आमच्याकडे. दोघांनी मिळून दुरुस्त केला, त्याच्यासमोर बटण दाबलं आणि धूर! बॅटरीच्या तारा उलट्या. मी काही बोलायच्या आत दादा म्हणाला, "माझ्या हातून झालं." मग काय, अकरा वर्षं मी तेच सांगत फिरलो—त्यानं स्वतः कबूल केलं ना! आणि बोटवाला गेल्यावर मी—नको, जाऊ द्या. नाही, ऐकाच. मी म्हटलं, "दादा, तुझे हात थरथरतात, उद्यापासून दुकानात येऊ नकोस." सख्ख्या भावाला! ज्यानं मला सोल्डरिंग आयर्न धरायला शिकवलं, त्याला. त्यानं चष्मा पुसला, डबीत ठेवला आणि गेला. पुन्हा आला नाही. आणि आज सकाळी नऊ वाजता या दोन तारांकडे बघत उभा राहिलो तेव्हा कळलं, त्या दिवशी कोणाचे हात होते ते. माझे. पुढून वाकून घातलेले.

हा सेट? छंद म्हणून आणला असं घरी सांगितलं. ताकाला जाऊन भांडं लपवलं, दुसरं काय. दादा दर रविवारी साडेदहाला घरच्या वायरलेसवरून लोकांशी बोलतो, परवाना आहे त्याचा. वहिनीनं हिला सांगितलं, त्या दोघींचं बोलणं कधी तुटलंच नाही. मला त्याचा आवाज ऐकायचा होता हो. फोन करायला जीभ रेटत नव्हती, म्हटलं हे बरं, ह्यात नुसतं ऐकायचं असतं. आज रविवारच की. किती वाजले? साडेदहा? थांबा, थांबा, हे बटण—

हा! हा दादा. म्हातारा झाला की आवाज. कोणाला तरी शिकवतोय, सवयच आहे त्याला. शू, ऐका—"आधी सेट फिरव, मग जोड. आमचा धाकटा सोन्याच्या हाताचा, पण मेला कायम वाकून जोडायचा..."

ऐकलंत? त्याला माहीत होतं. तेव्हाच माहीत होतं हो त्याला! आणि मी त्याला—नाही, काही झालं नाही, चष्म्यावर वाफ आली चहाची. माझा फोन कुठाय? नंबर तो काय, कॅलेंडरवर. ही दर वर्षी नव्या कॅलेंडरवर उतरवून ठेवते, बोलत काही नाही. तुम्ही वाचून दाखवा, मला आकडे नीट दिसत नाहीयेत... हं... पुढे... शेवटचे दोन? लावला.

वाजतोय. अहो, वाजतोय—कॉम्प्युटरातून! ऐकताय ना? त्याच्या खोलीत वाजतोय तो, त्याच्या माइकमधून येतोय! "एक मिनिट रे, कोणाचा तरी फोन आहे..." गेला आवाज. उठला तो. उठा, तुम्हीही उठा. नाही, कप राहू द्या तिथेच, दार नुसतं ओढून घ्या, जा—

हॅलो. दादा, मी. त्या तारा मी जोडल्या होत्या.