आईला विचारलेलं लोणचं

थांबा, ग्लास उचलायच्या आधी एक ऐका. इथे आखातात, अल् खुवैरच्या या फ्लॅटमध्ये मी एकटाच राहतो, म्हणून घरी बिअर करून बघायला लागलो. पहिली खेप आंबली, वर पांढरी बुरशी. इथे विचारणार कुणाला? गावी आईला फोन लावला, बिअरचं नाव न काढता.

"आई, लोणचं नासतंय गं."

"सारखं झाकण उघडून बघत असशील."

"मग झालंय ते कळणार कसं?"

"बाहेरून बघ. बुडबुडे थांबले की झालं. आणि भांडी आधी उकळत्या पाण्याने धू."

तसंच केलं. पुढची खेप झकास उतरली. आईला कळवलं, "लोणचं जमलं!"

ती म्हणाली, "छान. पण एकटा पीत बसू नकोस."

म्हणून तुम्हाला बोलावलंय. घ्या आता.