एसटीत तपासलेला जबडा

तुम्ही हसाल, पण आमच्या जबड्याची पहिली परीक्षा एसटीत झाली. करमाळ्याकडच्या नदीकाठी सापडलेला, पार दगड झालेला जबडा पिशवीत घालून मी सोलापूरला कॉलेजात नेत होते. सरांनी बजावलं होतं, "नामशेष प्राणी निघाला तर आपण त्याला नाव देऊ. बैल निघाला तर कॉलेजभर हसं होईल!" त्या धास्तीने मी पिशवी मांडीवरच धरून बसले होते.

खड्ड्यात गाडी आदळली आणि जबडा शेजारच्या काकांच्या पायावर पडला. किंचाळले मात्र मीच. काका निघाले बैलांचे दलाल. पाय चोळायचं सोडून त्यांनी जबडा उचलला आणि दातांच्या खाचांवरून बोट फिरवलं.

"काका, बैलच आहे का हो?" मी रडवेली झाले.

"न्हाय की! बैलाला खाली म्होरं आठ दात असत्यात. हितं सहाचीच जागा हाय. घोडं म्हणावं, तर जबडा लई रुंद. असलं जनावर म्या बाजारात बघितलंच न्हाय."

मला त्यांच्या पायाच पडावंसं वाटलं. तेवढ्यात त्यांनी दाढा चाचपल्या, आणि जणू बाजारात विकणाऱ्याला ऐकू जाऊ नये अशा आवाजात ते म्हणाले, "पण पोरी, घिऊ नगंस. दाढा पार झिजल्यात. लई म्हातारं हाय."