नायगाव खाडीतील हिरव्या दोराबाबत

मी, फर्डिनंड पास्कोल डाबरे, वय ५३ वर्षे, शिक्षण दहावी पास, राहणार सांडोर, वसई पश्चिम, जिल्हा पालघर. व्यवसायाच्या रकान्यात लिहून घेणाऱ्या मॅडमनी प्रथम 'लॅब असिस्टंट' असे लिहिले होते. ते माझ्या सांगण्यावरून खोडून 'सूक्ष्म प्लास्टिक विश्लेषक' असे केले आहे. आज दि. २६ फेब्रुवारी २०२५ रोजी दुपारी २ वाजून ४० मिनिटांनी मी इस्पितळातून थेट पोलीस ठाण्यात आलो असून, कोणी शिकवले वा दटावले म्हणून नव्हे तर स्वतःहून, समक्ष सांगतो की,

मी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षे काचेची भांडी धुतली. सूक्ष्मदर्शक तिथेच, पुस्तक समोर उघडे ठेवून, माझा मी शिकलो. गेली सहा वर्षे एका खाजगी संशोधन संस्थेत कामाला आहे. खाडीच्या गाळात प्लास्टिकचे जे बारीक कण असतात, ते वेगळे काढणे, मोजणे आणि ते कशापासून सुटले हे ठरवणे, हे माझे काम. माझ्या मोजणीत आजवर कोणी चूक काढलेली नाही.

नायगाव खाडीच्या काठाला माझ्या आठ जागा ठरलेल्या आहेत. दर महिन्याला ओहोटीला जाऊन प्रत्येक जागेचा गाळ स्टीलच्या चमच्याने काचेच्या बरणीत भरतो. या कामात प्लास्टिकची कोणतीही वस्तू चालत नाही. टेरिकॉटचा, म्हणजे प्लास्टिकच्या धाग्याचा, शर्ट घातलेला माणूस मी बरणीजवळ उभा राहू देत नाही. त्यावरून काठावरचे लोक हसतात.

जयवंत गोमा भोईर, वय अंदाजे ४७, धंदा मासेमारी, यास मी अडीच वर्षे ओळखतो. तो त्याच काठाला राहतो. आमचे नातेगोते नाही. पहिल्याच दिवशी त्याने मला विचारले, "काय मास्तर, चिखलात सोना हाय का?" तेव्हापासून तो मला मास्तर म्हणतो. कधी म्हणतो, "एक चमचा जास्त घेतलाव, परत ठेवा." मी चमचा पुसून पुढच्या जागेकडे जात असे.

आमच्यात दोरावरून भांडण होते, असे पोलिसांना शेजाऱ्यांकडून समजले आहे. ते खरे आहे. पाचव्या जागेच्या गाळात मला हिरवे तंतू फार सापडत होते. ते जयवंतच्या होडीच्या प्लास्टिकच्या दोराचे निघाले. जानेवारीत मी त्यास चारचौघांत म्हणालो, "हा दोर टाकून दे, काथ्याचा घे. खाडी घाण करतोस तू." तो म्हणाला, "काथ्या कुजतो, मास्तर. तुमी एक दिस खाडीत पडा, मंग सांगा कोनचा दोर पायजे." ही धमकी नव्हती. तो हसत होता. मी हसलो नाही, एवढेच.

काल मंगळवारी ओहोटी ४ वाजून १५ मिनिटांनी होती. सात बरण्या भरून मी आठव्या जागेकडे निघालो असता ४ वाजून ५० मिनिटांनी माझा डावा पाय गाळात मांडीपर्यंत गेला. तो काढताना उजवाही गेला आणि मी कमरेपर्यंत रुतलो. बॅग हाताला आलेल्या उंच दगडावर उभी ठेवली. मोबाईल तिच्यात, आणि मी आणखी रुतल्यावर ती हाताला येईना. भरती लागली होती. मी हाका मारल्या. किती मारल्या ते मोजले नाही.

सुमारे ५ वाजून ५० मिनिटांनी जयवंत आला. पाण्यावर फळी टाकून, तिच्यावर पालथा पडून तो माझ्यापर्यंत सरकला. दोर मागून माझ्या दोन्ही बगलांखाली घालून छातीवर गाठ मारली. मग बॅग फळीवर घेऊन तो परतला आणि काठावरच्या खुंटाला दोराचा वेढा देऊन तो व त्याची पत्नी आशालता यांनी ओढले. पाणी त्या वेळी छातीपर्यंत होते. हे लिहीत असता समोरच्या बाकावर बसलेला जयवंत म्हणाला, "हनवटीपरत, मास्तर." तो पाण्याकडे बघत होता, मी आभाळाकडे. त्याचे माप धरावे.

समोरच्या टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर राहणारे श्री. संकेत यांनी हे मोबाईलवर टिपून ११२ क्रमांकाला कळवले. ती चित्रफीत मला येथे दाखवली. २२ सेकंदांची आहे. त्यात एक माणूस दुसऱ्याला दोर बांधून चिखलातून फरफटत नेतो आणि त्याची बॅग उचलून चालू लागतो, असे दिसते. मी परका असतो तर मलाही तेच दिसले असते. पाणी चौकटीच्या बाहेर राहिले आहे. श्री. संकेत यांच्या फोनमुळे रुग्णवाहिका आली, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

बॅग जयवंतच्या घरात मिळाली याचा खुलासा असा. शुद्ध जाण्यापूर्वी मी त्यास म्हणालो, "बरण्या उभ्या ठेव, उन्हात नको, प्लास्टिक लागू देऊ नको." एवढेच म्हणालो. आभार मानले नाहीत. म्हणून तो रुग्णवाहिकेत न बसता बॅग घेऊन घरी गेला. पंचनाम्यात सातही बरण्या देव्हाऱ्यात, सुती लुगड्याखाली मिळाल्याचे नमूद आहे. माझे पाकीट व मोबाईल बॅगेत जसेच्या तसे आहेत. बरण्या देव्हाऱ्यात का, असे विचारता आशालता यांनी सांगितले, "घरात पलास्टिक नाय अशी तेवढीच जागा. देवांना म्हटलं, जरा सरका." मी बरण्यांची झाकणे तपासली. एकही हललेले नाही.

वैद्यकीय अहवालात माझ्या छातीवर व बगलांखाली दोराचे वळ आणि जखमेत हिरवे धागे असल्याचे लिहिले आहे. गळ्याला वळ नाही, हे कृपया वेगळ्या ओळीत लिहावे. धागे जयवंतच्याच दोराचे आहेत. गेल्या वर्षात तसे २१२ तंतू मी एकेक करून मोजले आहेत, तेव्हा हे मी अंदाजाने बोलत नाही. त्या जागी कुजका काथ्या असता तर माझ्या आणि चिखलाच्या ओझ्याने तो तुटला असता. माझा जानेवारीतला सल्ला खाडीच्या दृष्टीने बरोबर होता, आजही आहे. कालच्या दिवसापुरता तो चुकला.

जयवंतने मला मारले नाही, लुटले नाही. त्याच्याविरुद्ध माझी काहीएक तक्रार नाही. मी जिवंत आहे तो त्याच्यामुळे व आशालता यांच्यामुळे. काल मानायचे राहिलेले आभार येथे नोंदवतो.

तो सकाळी ९ पासून बाकावर आहे. आज महाशिवरात्र, त्याचा उपवास आहे, याची मी विचारून खात्री केली. आज ओहोटी ५ वाजून ५ मिनिटांनी आहे. त्याची जाळी कालपासून खाडीत आहेत आणि ती ओहोटीलाच काढता येतात. तरी त्यास वेळेत सोडावे. जप्त केलेला दोरही परत द्यावा, होडी बांधल्याशिवाय उघड्यावर आहे.

मॅडमनी हा मजकूर मला सावकाश वाचून दाखवला. वेळा मी पुन्हा ताडून पाहिल्या. मी सांगितले तेच लिहिले आहे व ते खरे आहे. सही ३ वाजून ५५ मिनिटांनी केली. जयवंतला सोडल्याशिवाय मी या खुर्चीवरून उठणार नाही. हे जबाबात बसत नाही असे मॅडम म्हणतात, पण लिहिले तर माझी हरकत नाही.