धोंडाआजींनी ओतून दिलेला पाऊस

कार्यक्रमाचे अध्यक्ष आदरणीय बाजीराव आबा, व्यासपीठावर बसलेल्या आपल्या मुख्याध्यापिका बाई व पाहुणे मंडळी, ज्यांच्यासाठी आज अख्खं कळस गाव जमलंय ते आपले बुद्धभूषण सर, त्यांच्या सौ. करुणाताई, समस्त ग्रामस्थ, आणि पहिल्या रांगेतून माझ्याकडे डोळे वटारून बघणाऱ्या आमच्या धोंडाआजी, मी सुप्रिया, सरांची जुनी विद्यार्थिनी, सर्वांना नमस्कार करते. सरांना जयभीम.

आबांनी मघाशीच बजावलंय, थोडक्यात आटप. आबा, इतकी वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाला थोडक्यात निरोप द्यायचा म्हणजे काय? बघते, जमलं तर.

सरांच्या शिकवण्याबद्दल आधीचे वक्ते बोलले. मी त्यांच्या गच्चीबद्दल बोलणार. गच्ची तशी धोंडाआजींची, सर त्यांचे भाडेकरू. नवीन आले तेव्हा सरांनी तिथं थर्मामीटरची पांढरी पेटी, वाऱ्याचा वेग दाखवणाऱ्या फिरत्या वाट्या आणि पाऊस मोजायचं नळकांडं बसवलं. गावात बोभाटा झाला, मास्तरांनी टॉवर उभा केला, आता रेंज येणार. आली का रेंज? मी तरी अजून वाट बघतेय.

त्या पावसाळ्यात मात्र मजा झाली. ओढा दुथडी वाहिला, आमचा बांध फुटला, आणि सरांनी शाळेच्या फळ्यावर लिहिलं, पाऊस शून्य! पुढच्या पावसालाही शून्यच. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. सर बिचारे नळकांडं कुठं गळतंय का ते तपासून थकले. शेवटी एकदा उजाडताच गच्चीवर गेले, तर आजी एका हातात झाडू धरून दुसऱ्या हातानं नळकांडं उपडं करतायत. आरोग्यवाल्या ताई घरोघर सांगून गेल्या होत्या ना, पाणी साचू देऊ नका, डास होतात. आजी ते इमानानं पाळत होत्या.

सर चिडले नाहीत. त्यांनी आजींना सगळं नीट समजावलं. आजी हातातला झाडू टाकून म्हणाल्या,

"अगं बया! म्या तुमचा समदा पाऊस वतून दिला की वो सर!"

तेव्हापासून त्या गच्चीच्या राखणदार झाल्या. नळकांड्याच्या आड येते म्हणून कपड्यांची दोरीसुद्धा त्यांनी काढून टाकली. सर रोज सकाळी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आकडा टाकू लागले आणि गाव त्यांना विचारू लागलं, सर, आज किती पाडला? पडला नव्हे, पाडला! जसा काही वरचा नळ सरांच्याच हातात. एरवी ऱ्हस्व-दीर्घाला कान पिळणारे सर, पण ही चूक त्यांनी कधी सुधारली नाही. मला विचाराल तर, त्यांना ती आवडायची.

हसताय, पण इंदापुरात धो धो कोसळतो तेव्हा आपल्याकडे फुफाटा उडत असतो, हे कुणाला ठाऊक नाही? मोबाईलमधला पाऊस तालुक्याचा, सरांचा पाऊस आपल्या बांधावरचा. आमचा विशालदादा सरांचा मेसेज वाचल्याशिवाय डाळिंबावर फवारणी करत नाही.

आता निवृत्त होऊन सर बारामतीला लेकीकडे राहायला चाललेत. परवा त्यांनी सगळं उतरवून खोक्यात भरलं. आम्हाला ते इथंच हवं होतं, पण सरांच्या हौसेची वस्तू, मागायची कुठल्या तोंडानं? त्यात सर आजींना म्हणाले, माझ्यामागं इथं कोण बघणार, गंजून जाईल. आजींना ते फार लागलं. त्या दिवशी धड जेवल्या नाहीत.

शेवटी चुकलंमाकलं पदरात घ्या म्हणायची रीत आहे. सर, आमचं चुकलंय ते ताजं आहे. उद्या बारामतीत खोकं उघडाल तेव्हा पेटी सापडेल, वाट्या सापडतील, नळकांडं सापडणार नाही. ते आज सकाळी आजींनी काढून घेतलं आणि चिकटपट्टी मी परत लावली. खोकं हलकं लागू नये म्हणून आत शेंगदाण्याच्या चटणीची बरणी ठेवलीय.

आजी, आता डोळे वटारू नका, मला सांगू द्या. सर, आजींचा निरोप जसाच्या तसा सांगते.

"तुमचा एक पावसाळा म्या वतून दिला, त्यो मला भरून द्यायचाय. आता रोज सकाळी मीच फोन करून सांगनार, आज किती पाडला."

तेव्हा सर, फोन उचलत जा. सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, मनापासून आभार. आणि चटणी जरा तिखट झालीय, तेवढं सांभाळून घ्या.