शिवशंकर शेटकार यांच्या समाधीतून गेलेले इष्टलिंग

नाव: कमलम्मा शिवशंकर शेटकार, वय ६६ वर्षे, धंदा: घरकाम, पूर्वी शिवणकाम, रा. जुन्या मोंढ्यामागे, अहमदपूर, जि. लातूर.

मी ठाण्यात स्वतः हजर होऊन, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी सध्या एकटी राहते. माझे पती शिवशंकर हे रेल्वेत हिशेबनीस होते. आधी मुदखेड व नंतर सिकंदराबाद येथे नोकरी करून ते निवृत्त झाले. मागील महिन्यात हृदयविकाराने ते वारले. आम्ही वीरशैव लिंगायत असून आमच्यात मयताला जाळत नाहीत, बसवून समाधी देतात.

पती सिकंदराबादला असताना फ्रीमेसन नावाच्या मंडळीत सभासद झाले होते. महिन्यातल्या एका शनिवारी काळी बॅग घेऊन जात. मला वेगळाच संशय आला म्हणून मी एकदा ती बॅग उघडली. आत निळ्या काठाचा पांढरा एप्रन व पांढरे हातमोजे निघाले. ज्या माणसाने घरात कधी चहाचा कप विसळला नाही त्याच्या बॅगेत एप्रन बघून मला हसू आवरेना. तेही हसले. तिथे काय करता असे विचारले तेव्हा म्हणाले, "प्रार्थना म्हणतो, संगं जेवतो, कुणाच्या लेकराची फी भरायची ती भरतो. बाकीचं सांगायचं न्हाई, जबान दिलीय." मी पुढे खोदून विचारले नाही.

अंत्यविधीला त्या मंडळींपैकी नांदेडचे एक सरदारजी व हैदराबादचे दोघे आले होते. हातमोजे घालून ते बाजूला उभे राहिले. शेवटी एकाने हिरवी डहाळी खाली सोडली, एवढेच. बाकी सर्व आमच्या रिवाजाप्रमाणे झाले. खड्ड्यातल्या तिकोनी कोनाड्यात पतींना बसवले. जंगम स्वामींनी मस्तकाला पाय लावला. पतींच्या गळ्यातले काळे इष्टलिंग चांदीच्या डबीतून काढून त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवले. मग विभूती, बेल, मीठ आणि माती. माझी मुलगी सुकन्या बाळंतीण असल्याने पुण्याहून येऊ शकली नाही, म्हणून पुतण्या रुद्रेश याने तिच्यासाठी मोबाईलवर चित्रण केले व घरच्या ग्रुपवर टाकले.

ते चित्रण तिथून कुठे कुठे गेले मला माहीत नाही. परत आले तेव्हा त्यावर कुणाचा तरी आवाज चढवलेला होता. हे हातमोजेवाले सैतानाचे पूजक आहेत, मेलेल्याला बसवून पुरतात, डोक्यावर पाय देऊन त्याचा आत्मा बांधतात, त्रिकोण ही त्यांची खूण, आणि हातातली काळी वस्तू ज्याच्याकडे जाईल तो राजा होईल, असे त्यात म्हटले आहे.

परगावचे लोक फसले तर मी समजू शकते. आमच्या माणसांना काय झाले? रुद्रेशने स्वतः काकांना धरून खाली बसवले होते. तोच घरी येऊन म्हणाला, "काकू, त्यो कोनाडा तिकोनी का केला व्हता?" मी म्हणाले, "तुझ्या आज्याचाबी तिकोनीच व्हता की रे." तो म्हणाला, "हाव, पर तवा कुणी असं म्हणलं नव्हतं." त्याचे डोके ठिकाणावर आहे की नाही, असे मला वाटले.

मयतानंतरच्या शिवगण आराधनेच्या जेवणाला निम्मेही लोक आले नाहीत. शेजारच्या सुमनबाई दारातूनच म्हणाल्या, "कमलम्मा, खरं सांगा, ते तिथं काय करीत व्हते?" मी माहीत नाही म्हणाले. त्या म्हणाल्या, "एवढा संसार करून माहीत न्हाई म्हंता?" मी नांदेडच्या सरदारजींना फोन करून विचारले. ते रडू लागले. "भाभीजी, काही वाईट नव्हतं," एवढेच बोलले. तेवढ्याने कुणाचे तोंड बंद होत नाही.

आज सकाळी मी बेल घेऊन समाधीवर गेले असता माती उकरलेली दिसली. मीठ बाहेर सांडलेले होते. पती एका अंगावर कलंडलेले होते. त्याबद्दल अधिक मला सांगता येणार नाही. डाव्या हातातले इष्टलिंग नव्हते. ते लहानपणी गुरूंनी त्यांच्या गळ्यात बांधले होते. बॅग ते शनिवारीच उचलत, हे मात्र आंघोळीलाही काढले नाही. चोराला त्याचा काही उपयोग नाही. चांदीची डबी माझ्याकडेच आहे, हवी तर तीही न्यावी.

माझा कोणावर नाव घेऊन संशय नाही. ज्याने नेले त्याच्याही गळ्यात कदाचित असेच लिंग असेल.

पती त्या मंडळींत आत काय करीत होते, असे मला येथेही विचारण्यात आले. मला माहीत नाही. वाईट करीत नव्हते हे मला माहीत आहे, पण ते कसे माहीत आहे हे लिहून देता येत नाही. त्यांची बॅग मी सोबत आणून दिली आहे. ती ठेवून घ्यावी, उघडून बघावी. मला फक्त इष्टलिंग मिळवून द्यावे. स्वामी म्हणतात दुसरे ठेवता येईल. मला दुसरे नको.

पंचनामा होईपर्यंत माती लोटू नये असे मला येथे सांगितले आहे. मी त्यांना सरळ बसवून आले आहे. वरून माझे लुगडे पांघरले आहे. त्यांची डावी मूठ मिटवून बघितली, मिटत नाही.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच लिहिला आहे. खाली अंगठा नको, मला सही येते.

(सही) कमलम्मा शेटकार